दुसऱ्या दिवशीची घागर

ती. आत्याबाई,

शिरसाष्टांग नमस्कार. एवढं लिहिलं आणि हात सवयीनं पुढे 'आपली खुशाली कळवावी' असं लिहायला निघाला. आता तुमची खुशाली मला कोण कळवणार? तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले, आणि तुमची ही सून पत्र लिहायला बसली आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, मास्तरीनबाईले शाळेत लिहून पुरत नाई का वं?

उद्या आखाजी आहे, शाळेच्या कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया. ह्यांनी तुमच्या नावाची घागर आणून देवघरापाशी ठेवली आहे. परवा झाडांचा दिवस. काल सरपंच स्वतः घरी आले होते. म्हणाले, शाळेच्या मैदानात दगड बसवतोय, त्यावर लिहायचं ठरलंय की हा उत्सव देवकाबाईंच्या कल्पनेतून सुरू झाला. आणि बाई, तुम्ही चार शब्द बोला. घागरीला भोक पाडून झाडाजवळ पुरायची युक्ती तुमच्या सासूबाईंना कशी सुचली, ते लोकांना सांगा.

मी हो म्हटलं. काल संध्याकाळीच भाषण लिहायला बसले. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. कारण ती युक्ती तुम्हाला सुचली नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसरे आपले हे. चौथ्या कोणाला कालपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून भाषण बाजूला ठेवलं आणि आज आधी तुम्हालाच लिहायला घेतलं.

आत्याबाई, मी या घरात आले तेव्हा कशी होते, आठवतं? नांदुऱ्याच्या रेल्वे कारकुनाची पोरगी. सातवी फायनल, वर ट्रेनिंग केलेलं. वांग्याच्या वाफ्यात पाय ठेवायचा तर चप्पल घालून ठेवणारी! तुमच्या बहिणी-भावजया तोंडावर पदर घेऊन हसल्या होत्या. माळ्याच्या घरात असली सून काय कामाची? तुम्ही त्यांना सांगितलंत की वाफ्याला पाणी द्यायला बाया ढीगभर मिळतात, फळ्यावर लिहिणारी कुठे मिळते. मी आत चुलीपाशी ऐकत होते. त्या दिवसापासून या घरात मला परकं वाटलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं होतं का मी? नाही सांगितलं. किती गोष्टी अशा राहून गेल्या.

माझी नोकरी लागली त्याच वर्षी आषाढात आपल्या शाळेत वनमहोत्सव झाला. पंचायत समितीची जीप आली, शंभर रोपं आली. कडुनिंब, करंज, चिंच. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. साहेबांनी एका रोपाला तांब्याभर पाणी घातलं, फोटो काढला, सरबत घेतलं. जाताना म्हणाले, पुढच्या पावसाळ्याआधी येऊन झाडं मोजणार. हेडमास्तरांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. म्हणे, बाई ट्रेनिंगला बागकाम शिकल्या आहेत, जबाबदारी त्यांची.

दिवाळीपर्यंत मी ऐटीत होते. होळी आली आणि तोंडचं पाणी पळालं. अर्ध्याहून जास्त रोपं बकऱ्यांनी खाल्ली नाहीतर उन्हानं जाळली. विहीर लांब. पोरं तांब्यातांब्यानं पाणी आणायची आणि ते दहा वाजता दिलं तर अकरा वाजता माती पुन्हा भाजलेली. मला रात्रंदिवस एकच घोर. साहेब येणार, मोजणार, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही.

तेव्हा मला ट्रेनिंगमधली गोष्ट आठवली. बागकामाच्या मास्तरांनी दाखवलं होतं. मातीच्या घागरीच्या बुडाला खिळ्यानं बारीक भोक पाडायचं, जुन्या धोतराची चिंधी वात करून त्यात बसवायची, घागर झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायची. एकदा भरली की चार दिवस झाड थेंबथेंब पितं. मला वाटलं, सापडलं! पोरांना सांगितलं, उद्या येताना घरची एकेक मातीची घागर आणा.

आता तुम्हीच सांगा, माझ्या डोक्यात काय भरलं होतं? ज्या दिवशी सांगितलं तो आखाजीचा आदला दिवस. सुट्टी सोडून 'उद्या' म्हणजे आखाजीचा दुसरा दिवस. त्या दिवशी गावातल्या कुठल्याही घरात हाताशी येणारी घागर कोणती? आदल्या दिवशी पुजलेली. आजोबांच्या नावची, बापाच्या नावची, जिच्यावर मातीचं छोटं लोटं आणि आंबा ठेवून वाडवडिलांना पाणी दिलं ती. तुम्ही माझ्यासमोर मामाजींची, माझ्या सासऱ्यांची, घागर पुजली होती. मी बाजूला उभी राहून पुरण हलवत होते. आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पोरांनी घागरी आणल्या. वीसेक होत्या. सगळ्यांवर हळदकुंकवाची बोटं. खिळा घसरू नये म्हणून मी ते कुंकू माझ्या पदरानं पुसलं. एकेक घागर मांडीवर उपडी धरली आणि खिळा फिरवून भोक पाडलं. पोरं टाळ्या वाजवत होती. सकाळची शाळा सुटेपर्यंत आम्ही सगळ्या पुरून मोकळे.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा काकाजी आले. तुमचे धाकटे दीर, नामदेवभाऊजी. त्यांच्या मागे सहा-सात माणसं. काकाजींची विमल माझ्या वर्गात होती, तिनं घरची घागर आणली होती, ती काकाजींच्या वडिलांच्या नावची. हेडमास्तर तालुक्याला गेलेले. मी एकटी व्हरांड्यात.

त्यांनी शांतपणे विचारलं की घागरीला भोक कोणी पाडलं. मला काही कळेना, चुकलं काय ते. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. मेल्या माणसाच्या नावानं पाण्याच्या मडक्याला भोक एकदाच पडतं. घाटावर. मुलगा मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतो तेव्हा.

आम्ही बायका घाटावर जातो कुठे? मी कधी पाहिलंच नव्हतं. पण ऐकलं तर होतं ना?

काकाजी म्हणाले, "माह्या बापाले मरून वीस वर्सं झाले. आज तुमी त्याले दुसऱ्यांदा मारलं."

आणि नेमक्या तुम्ही आलात. डोक्यावर वांग्याची पाटी, मळ्यातून थेट. कोणीतरी रस्त्यात सांगितलं असणार. तुम्ही पाटी खाली ठेवलीत, पदरानं घाम पुसलात, सगळं ऐकून घेतलंत. एकदा माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"म्या सांगतलं तिले," तुम्ही म्हणालात. "ते नांदुऱ्याची पोरगी. तिले काय ठाव? म्या म्हनलं, पाड भोक."

आत्याबाई, तुम्ही उभ्या आयुष्यात खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. तेही इतक्या सहज, की मलाच क्षणभर वाटलं, तुम्ही खरंच सांगितलं होतं की काय!

काकाजी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही अकरा वर्षांच्या नवरी होऊन या घरात आलात तेव्हा ते रांगत होते. त्यांची आई त्याच साली गेली. तुमच्या मांडीवर जेवले, तुमच्या पदरात निजले. ते तुमच्या अंगावर ओरडू शकले नाहीत. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, की वहिनी, तू मले आईवानी होती, आजपासून तुह्या घरचं पानी बी मले नाई चालत. वळले आणि गेले. त्यांच्या मागे लोक येऊन आपापल्या घागरी उपसून घेऊन गेले, नदीत सोडायला. आठ-दहा राहिल्या, ज्यांच्या घरून कोणी आलंच नाही त्यांच्या.

मी वाटेत रडत होते. घरी आल्यावर तुम्ही मला धरून चार गोष्टी सुनावाल असं वाटलं होतं. सुनावायला हव्या होत्यात, मला जरा बरं वाटलं असतं. तुम्ही म्हणालात, पानी कसं झिरपते ते मले दाखव.

संध्याकाळी आपण दोघी शाळेत गेलो. तुम्ही एका निंबाच्या रोपाशी उकिडव्या बसलात, मातीत बोट घातलंत. दिवसभराच्या उन्हात माती आत ओली होती. बोट नाकाशी नेऊन वास घेतलात. मळ्यातली बाई तुम्ही, तुम्हाला कोणी काय समजवायचं! बराच वेळ बसलात. मग म्हणालात, झाड पेते मंग.

उठताना गुडघ्यावर हात ठेवून मला सांगितलंत, "तू चुप राह्य. तुही नवकरी कच्ची हाये. तक्रारीचा अर्ज गेला त घरी बसवतीन तुले. मले कोन घरी बसवते? मी त घरीच हाये."

मला तेव्हा हसू आलं होतं, आत्याबाई. रडता रडता हसू आलं. आणि मी गप्प बसले. कायमची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मामाजींच्या नावची घागर उचललीत, स्वतः खिळा घेतलात आणि स्वतः भोक पाडलंत. हे नको नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाही. माझ्यासाठी बोललेल्या खोट्याला तुम्ही खरं करून टाकलंत. आता कोणी विचारलं असतं, तरी तुमच्या हातानं पाडलेलं एक भोक होतंच. घागर डोक्यावर घेऊन तुम्ही भर रस्त्यानं शाळेत गेलात. दारादारांतून बायका बघत होत्या.

त्या उन्हाळ्यात ज्या रोपांशी घागरी होत्या तीच जगली. बाकीची गेली. साहेब आलेच नाहीत मोजायला! ज्याच्या भीतीनं एवढं रामायण झालं तो माणूस फिरकलासुद्धा नाही.

पण उत्सव तुम्ही उभा केलात. भोक माझं होतं, उत्सव तुमचा. हे मी कोणाहीपुढे छातीवर हात ठेवून सांगेन. कारण पुढच्या वर्षी मी तर घागर हा शब्दही तोंडातून काढायला तयार नव्हते. तुम्ही मात्र माघातच कुंभाराकडे जाऊन बसलात. गंगारामदादांना सांगितलंत, यंदा घागरी भाजायच्या आधी, माती ओली असतानाच बुडाला काडीनं भोक ठेव. ते म्हणाले, फुटकी घागर मी विकू कशी? तुम्ही म्हणालात, "जल्मताच भोक असन त ते पाडलेलं नसते. फुटलेली येगळी, अन् अशीच जल्मलेली येगळी."

मोठमोठ्या शास्त्र्यांना हे सुचलं असतं का? पहिल्या दिवशी भोकात मेण घालून घागर पुजायची. वाडवडील आधी पितील. दुसऱ्या दिवशी मेण काढायचं, वात घालायची आणि घागर झाडाला द्यायची. ज्याच्या नावची घागर, त्याच्या नावचं झाड. तुम्ही घरोघरी जाऊन हे सांगितलंत. कोणी दार लावून घेतलं, कोणी वाटीभर साखर दिली. त्या वर्षी चार घरच्या बायका आल्या, पुढच्या वर्षी अर्धी आळी.

आणि नावाची गंमत तर काय सांगू! सरकारी झाड म्हटलं तर बकरीनं खाल्लं तरी कोणाला काय त्याचं? पण बापाच्या नावचं झाड म्हटल्यावर गाव जागं झालं. आठवतं, सखाराम कसा काठी घेऊन भांडायला आला होता? "तुह्या बकरीनं माह्या बापाले खाल्लं!" सगळी पंचायत पोट धरून हसली, पण त्या दिवसापासून बकऱ्या शाळेकडे सोडायचं बंद झालं. एकदा वनखात्याचे कोणी साहेब आले, एका झाडाला हात लावून त्यांनी विचारलं की ही कोणती जात. शेजारची म्हातारी म्हणाली, हा माहा सासरा. साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे.

आता परवाचा दिवस कसा असतो ते रोहिणखेडच्या रस्त्यानं येणाऱ्या बसमधल्या लोकांनाही माहीत झालंय. पोरांचं लेझीम, पुढे ढोलकी, मागे डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया. नदीच्या काठापर्यंत झाडं गेली. झाडाझाडाशी थांबून नाव घ्यायचं, घागर पुरायची, पाणी भरायचं. मग मैदानात सगळ्यांचं एकत्र जेवण, तुमच्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. मागची दोन सालं पावसानं दगा दिला, पण आपली झाडं राहिली. उन्हाळ्यात आता शाळा सावलीत भरते. पोरं निंबोळ्या वेचून खिशात भरतात आणि मी ओरडते. हे सगळं तुम्ही मला दिलंत, आत्याबाई. माझ्या एका चुकीतून दिलंत. त्यासाठी तुमच्या पाया पडायला हवं होतं, आणि मी आयुष्यभर फक्त सणावारीच पडले.

एका घरची घागर मात्र नऊ वर्षांत कधी आली नाही. काकाजींची. ते आपल्या घरी जुन्या रीतीनं पुजायचे आणि दुसऱ्या दिवशी गाव लेझीम खेळत असताना बैल घेऊन शेतात जायचे.

तुम्ही दर वर्षी पहिल्या वांग्यांचं भरीत त्यांच्या घरी पाठवायचात. दर वर्षी वाटी जशीच्या तशी परत यायची, झाकणसुद्धा न उघडता. तुम्ही ती गाईपुढे ठेवायचात आणि म्हणायचात, लहानपनी बी रुसला म्हंजे दोन दोन दिवस जेवत नव्हता. असं म्हणून हसायचात. त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं माझ्या सोयीचं होतं.

खरं सांगू? पहिली तीन वर्षं मी नोकरीसाठी गप्प होते. मग नोकरी कायम झाली. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, आता काकाजींना सांगते. तुम्ही शेंगा निवडत होतात. वर न बघता म्हणालात, आता गाव मले नावाजून राह्यलं, ते बी माह्यं हिसकून घेतं का वं? मी हसले, तुम्ही हसलात, विषय संपला.

तुम्ही थट्टा करत होतात ना? मला वाचवायला अजून एकदा बोलला होतात ना? की खरंच तुम्हाला ते कौतुक गोड लागलं होतं? लागलं असेल तरी काय बिघडलं! तुमच्या वाट्याला दुसरं कौतुक आलं तरी किती? पण आत्याबाई, तुम्ही मला जरा रागवायला हवं होतं. 'जा, सांगून ये' असं म्हणायला हवं होतं. तुम्ही मला इतकं सांभाळलंत की मला धीट व्हायची गरजच पडली नाही. हा माझा तुमच्यावर एकच राग.

माघात तुम्ही अंथरूण धरलंत ते आठच दिवस. शेवटच्या दिवसांत तुमची नजर सारखी दाराकडे जायची. मी विचारलं कोणाला बोलावू का, तर मान हलवून नाही म्हणालात. कोणाची वाट बघत होतात ते मला कळत होतं. मी तेव्हाही उठून गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मग तो उद्या उरला नाही. काकाजी अंत्ययात्रेत आले, ते गल्लीच्या तोंडाशी. अंगणात पाऊल टाकलं नाही. ह्यांनी घाटावरून आल्यावर सांगितलं, की मडक्याला भोक पडलं तेव्हा काकाजी पाठ फिरवून उभे राहिले होते.

म्हणून सरपंच भाषणाचं बोलले तेव्हा माझी झोप उडाली. काय बोलणार? कल्पना तुमची होती असं म्हटलं तर काकाजींच्या मनातला आरोप मी दगडावर कोरून कायम करते. कल्पना माझी होती म्हटलं तर लोक काय म्हणतील? नऊ वर्षं गप्प बसली, सासूचे डोळे मिटले आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली! शिव्या खाताना सासू पुढे, हार घालताना सून पुढे. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, आईनंच सांगितलं होतं ना गप्प राहा, मग राहा.

पण मूठ झाकलेली ठेवून मला आता जेवण गोड लागेना. आज सकाळी शाळा नव्हती. कोणाला न सांगता काकाजींकडे गेले.

ते गोठ्याच्या ओट्यावर बसून दावं वळत होते. म्हातारे दिसायला लागलेत आता. मला बघून नजर पुन्हा दाव्याकडे नेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ट्रेनिंगचे मास्तर, पोरांना सांगणं, खिळा, सगळं. तुमचं खोटं बोलणं आणि तुमचं मला गप्प बसवणंही. त्यांचे हात चालूच होते.

मग थांबले. "विमलीनं आनली होती ते घागर बी?"

मी हो म्हटलं. कुंकू पदरानं पुसून, कोणी न सांगता, मीच भोक पाडलं होतं म्हटलं.

त्यांच्या हातातून दावं खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. मला वाटलं होतं, चिडतील, हाकलून देतील. त्याची मी तयारी करून गेले होते. पण ते जे म्हणाले त्याची तयारी नव्हती.

"म्हंजे तिचं भरीत मी उगीच वापस केलं," ते म्हणाले. "नऊ वर्सं."

आणि मग लहान पोरासारखे रडले. मी कुठे बघू ते मला कळेना. विमलची आई दारात आली आणि तशीच आत गेली. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, ती जिवंत होती तेव्हा का नाही सांगितलंस? मी म्हटलं, आधी भीती होती, मग सवय झाली.

मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटेल. हलकं कसलं वाटतंय! तुमचा राग धरून का होईना ते ताठ उभे होते. मी जाऊन तोही आधार काढून घेतला. तुम्ही असतात तर तुमच्याच मांडीवर डोकं ठेवलं असतं त्यांनी.

मी पाया पडून निघाले. फाटकापर्यंत गेले असेन, तेव्हा मागून त्यांनी हाक मारली.

"सुनबाई, मी तिले जे बोललो ते साऱ्या गावानं आयकलं. हे बी साऱ्या गावानं आयकलं पायजे. परवा सांग सगळ्यायसमोर. मी येतो."

ते येणार आहेत, आत्याबाई.

आणि मी बोलणार आहे. तुम्हाला वचन देते. तुमच्या कौतुकातलं तसूभरही कमी होऊ देणार नाही. कुंभाराकडचा तुमचा न्याय सांगेन, घरोघरी फिरलात ते सांगेन, दगडावर तुमचंच नाव राहील. पण पहिली चूक कोणाची होती आणि तिचे बोल कोणी झेलले, तेही सांगेन. सभेत कोणी कुजबुजेल, सासूचं श्रेय खायला उभी राहिली. कुजबुजू दे. तुम्ही माझ्यासाठी नऊ वर्षं ऐकून घेतलंत. मी एक दिवस ऐकून घेईन.

तुमची सून,
सुमन